पार्लो, पार्ली, पार्ला

निमगाव केतकी
३ ऑगस्ट २०२५

प्रिय खाजा,
स. न.

काल दुपारी पानमळ्याच्या सावलीत बसलो होतो आणि एकाएकी कानात तो आवाज घुमला. "रामः रामौ रामाः!" इंदापूरच्या शाळेचं पत्र्याचं छप्पर, त्याखाली चाळीस पोरांचे गळे, आणि टेबलावर ठेका धरून आपटणारा सरांचा रूळ. सगळा वर्ग म्हणून थांबला की त्या शांततेत तुझा एकट्याचा "...माः" यायचा, अर्धी मात्रा मागून. सर विचारायचे, "कोण रे हा गाडी चुकलेला?" आणि तू उभा राहून सांगायचास, "खाजा, सर. पुढच्या गाडीनं येतोय."

साठ वर्षं झाली. शाळेतल्या कविता अजून सगळ्या पाठ आहेत. संध्याकाळी मळ्यात म्हणत फिरतो. ऐकायला पानवेली सोडून कोणी नाही.

तुझ्या कार्डातल्या चार ओळींनी मात्र सगळ्या कविता डोक्यातून पळाल्या. चार वेळा वाचल्या तरी खरं वाटेना. माझी मुलगी प्रगती डिसेंबरात येणार. तुझ्या घरी उतरणार. सात वर्षांची नात लुचिया बरोबर असणार. आणि मी स्वतः बोलावल्याशिवाय निमगावात पाय ठेवणार नाही. बरोबर आहे तिचं. नऊ वर्षांपूर्वी तिनं तुमच्या कारखान्यात आलेल्या त्या इटालियन इंजिनिअरशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा मी दार लावून घेतलं. तीन वर्षांपूर्वी फुला गेली आणि आईच्या दहाव्याला ती इतक्या लांबून आली, तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून बसलो. तो मीच होतो का, असं आता वाटतं.

मला तिला बोलवायचं आहे, खाजा. पण एकदम तिच्याशी बोलायला जीभ उचलत नाही. आधी नातीशी चार शब्द बोलीन, मग त्या ओघात मुलीशी. नातीला मराठी येत नाही म्हणतोस. तू सहा महिने इटलीत काढून आलास, त्यांच्या लोकांबरोबर तीस वर्षं काम केलंस. मला ती भाषा शिकव. सुरुवात क्रियापदांपासून कर. क्रियापद हाती आलं की भाषा हाती येते, असं मी पोरांना सांगत आलोय.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्रानंच.

तुझा,
मोहन


बारामती
११ ऑगस्ट २०२५

मोहनराव मास्तर, सलाम.

तुझं पत्र वाचून मी हसलो. अनिसाला वाचून दाखवलं, ती हसली न्हाय. उठून चहा ठेवायला गेली. चहाची वेळ नव्हती.

उजवा कान पार गेला, डावा कधी असतो कधी नसतो. तीस वरसं प्रेसच्या मशिनीशेजारी उभा ऱ्हायल्यावर दुसरं काय व्हणार. तवा पत्रच बरं. पन माझं मराठी तुला सोसावं लागंल. तू लाल पेन बाजूला ठेव.

आता धडा. सरळ वागणारी क्रियापदं तीन घरांत ऱ्हातात. एकाचं शेपूट आरे, दुसऱ्याचं एरे, तिसऱ्याचं इरे. शेपूट काढायचं आन् दुसरं जोडायचं. पार्लारे म्हंजे बोलणं. आता म्हण:

पार्लो, मी बोलतो. पार्ली, तू बोलतोस. पार्ला, तो बोलतो, ती बोलती. पार्ल्यामो, आमी बोलतो. पार्लाते, तुमी बोलता. पार्लानो, ते बोलतात.

गंमत बघ. यात 'मी' वेगळा म्हणावाच लागत न्हाय. शेपटावरनं कळतं कोण बोलतंय. तुला जड जाईल. तुझ्या प्रत्येक वाक्यात 'मी' हाय.

प्रगतीला कळवू का, की तू शिकतोयस? का ऱ्हाऊ दे?

खाजा


निमगाव केतकी
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय खाजा,

कळवू नकोस. जमलं तर कळेलच.

'मी'बद्दलचा टोमणा पोचला. या पत्रात मोजून बघ.

पार्लो-पार्लीला शाळेतल्या एका जुन्या कवितेची चाल लावली. काय सांगू, अशी बसली! पाणी सोडता सोडता म्हणतो. परवा मळ्यातला दत्तोबा खुरपं टाकून जवळ आला. म्हणाला, "मास्तर, काविळीचा मंतर हाय का? माझ्या मेव्हण्याचे डोळे पिवळे झाल्यात. वाईच त्याच्यावर बी म्हणा की." भाषा आहे म्हणून सांगितलं तर म्हणाला, "या वयात? मग मंतरच बरा हुता."

तुझ्याकडून आलेल्या पुस्तकाच्या झेरॉक्सनं मात्र घाम फुटला. एका बोलण्याला सहा पुरुष, आणि वर इतके काळ! बोलत असे, बोललो, बोललो होतो, बोलेन, बोललो असेन. त्यानंतर आपल्यासारखेच अर्थ: आज्ञार्थ, संकेतार्थ. 'बोललो असतो तर' याचं वेगळं रूप. 'त्यानं बोलावं' याचं वेगळं. माणसं एवढी रूपं पाठ करून मग एकमेकांशी बोलतात! आपल्याला एक साधा वर्तमानकाळ नऊ वर्षांत जमला नाही.

एक विनंती. नुसते तक्ते वाचून मला येत नाही. मास्तरला चुका लागतात. कोणी तुझ्याकडं शिकलं असेल तर त्याची जुनी वही पाठव. दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करत करत मी पटकन शिकेन. आणि वही कोणाची ते मी अक्षरावरून सांगीन. तुला माहीत आहे, गावात निनावी चिठ्ठी सापडली की पोलीसपाटील आधी माझ्याकडं यायचे. निमगावच्या तीन पिढ्यांचं अक्षर मी ओळखतो.

तुझा,
मोहन


बारामती
९ सप्टेंबर २०२५

मोहनराव,

मोजले. तीन वेळा 'मी'. सुधारणा हाय.

वही मागितलीस. पंधरा दिवस मी आन् अनिसा यावर भांडतोय. माझ्याकडं जल्मात एकच विद्यार्थी झाला. वही माझ्या कपाटात हाय. कुणाची ते सांगणार न्हाय असा शब्द दिलाय. पन तू म्हणतोस अक्षरावरनं नाव सांगतो. मग माझा शब्द बी मोडत न्हाय. अनिसा म्हणाली, "धाड. मास्तर पहिल्या पानाला ओळखतील."

म्हणून धाडतोय. रजिस्टर पोस्टानं. जपून उघड. आन् एकट्यानं उघड.

धडा: बोलत असे, त्याला पार्लावो, पार्लावी, पार्लावा. जुनं आठवताना हाच काळ. तुझा जीव यात रमंल. पुढचं सांगायचं तर पार्लेरो. वही बघून झाली की लगेच लिही.

खाजा


निमगाव केतकी
२० सप्टेंबर २०२५

प्रिय खाजा,

वही मिळाली. दोन दुपारी मजेत गेल्या! किती वर्षांनी लाल शाईचं पेन हातात धरलं. दौत आणायला इंदापूरला गेलो, तीन दुकानं फिरलो.

नाव सांगता आलं नाही, हे आधी कबूल करतो. हे अक्षर माझ्या हाताखालून गेलेलंच नाही. पण माणूस कसा ते सांगतो. शाळा चौथी-पाचवीत सुटलेली. मोठेपणी, हात जड झाल्यावर पुन्हा पेन धरलेलं. पानापानावर अंगठ्याचा काळा ठसा, म्हणजे ग्रीसचे हात, तुमच्या कारखान्यातलाच कोणी हेल्पर. इटालियन शब्द मराठीत लिहिलेले, तेही काना-मात्रा हरवून. आणि ढ! एकच रूप पन्नास-पन्नास वेळा लिहिलंय, तरी एक्कावन्नाव्या वेळी चुकलंय.

सगळ्यात मौज म्हणजे, इतक्या क्रियापदांतून यानं चारच धरलीत. आस्पेत्तारे, वाट बघणे. लाश्शारे, सोपवणे. झ्बाल्यारे, चुकणे. पेर्दोनारे, क्षमा करणे. सगळ्या काळांत, सगळ्या अर्थांत तीच चार. लबाडाला कोणा गोऱ्या पोरीला चिठ्ठी लिहायची असणार! शेवटी शेवटी एकच वाक्य घोकलंय: "से झ्बाल्या, पेर्दोना." चुकली तर क्षमा कर. तेही 'तू' म्हणून. पुस्तकात आदराचं रूप दिलेलं आहे, ते मी लाल शाईनं प्रत्येक ठिकाणी वर लिहिलं. अठ्ठावीस वेळा.

शंभरपैकी एकोणीस गुण दिलेत. शेरा वाचून तू हसशील: "अक्षर कोंबडीच्या पायांचे. अभ्यासात लक्ष नाही. पालकांची सही आणावी."

वही परत पाठवतोय. आता सांग, कोण हा पठ्ठ्या?

तुझा,
मोहन


बारामती
२७ सप्टेंबर २०२५

मोहन,

वही आली. पहिलं पान उघडलं आन् तुझी लाल शाई दिसली. अनिसानं माझ्या हातातनं घेतली, दोन पानं उलटली, आन् वही पदराखाली झाकली. जसं काय त्या वहीलाच कुणी मारलं हुतं.

शब्द मोडतो. त्याचा गुन्हा माझ्यावर.

ती वही फुलावैनीची हाय.

दर गुरुवारी ती पानं घिऊन बारामतीच्या बाजारात यायची. तू म्हणायचास, व्यापाऱ्याला हितनं दिली तरी चालतील, एवढी कशाला जातीस. बाजार बाराला उरकायचा. मग ती आमच्याकडं यायची, अनिसाजवळ दोन घास खायची आन् पाटी-पेन्सिल मागायची. पाटीवरनं वहीवर यायला सा महिने गेले. साडेतीनच्या एसटीनं माघारी. तीन वरसं. ते ठसे ग्रीसचे न्हाईत. पानं खुडून खुडून तिचा अंगठा काळा पडलेला. रोज तुला त्याच हातानं ताट वाढत हुती.

मला वाटलं हुतं, तू पहिल्या पानाला ओळखशील आन् मग आपण दोघं तिच्याबद्दल बोलू. तू तर पोरीला चिठ्ठी म्हणालास.

पालकाची सही मागितलीस. तिचा पालक कोण, ते आता तूच सांग.

खाजा


बारामती
२३ ऑक्टोबर २०२५

मोहन,

महिना होत आला. दिवाळी बी गेली. तुझं कार्ड न्हाय. रागाच्या भरात लई कडक लिहिलं, त्याची माफी. अनिसा रोज विचारती, "मास्तरांचं काय?" दत्तोबाला फोन लावायला सांगितला माझ्या नातीला. तो म्हणाला, "मास्तर बरं हायती. मंतर बंद झाला." निदान एक ओळ टाक.

खाजा


निमगाव केतकी
२ नोव्हेंबर २०२५

खाजा,

बरा आहे. माफी तू मागू नकोस.

तुझं पत्र आलं तेव्हा पोस्टमन अजून फाटकात उभा होता. त्याच्यासमोरच फोडलं. तो काय बोलत होता ते दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. नंतर दत्तोबानं सांगितलं, की मी त्याला तीनदा "बरं, बरं, बरं" म्हणालो आणि पाकीट जमिनीवर पडलं.

त्या दिवशी घरभर शोधलं. तिच्या हातची एक ओळ तरी असेल म्हणून. ट्रंक, कपाट, पोथ्यांचं फडताळ, मसाल्याच्या डब्यांवरचे कागद. डब्यांवरची नावं सगळी माझ्या अक्षरात. सेहेचाळीस वर्षं एका घरात राहिलो आणि तिच्या हातचा एक काना सापडला नाही. ग्रामपंचायतीच्या कागदावर ती अंगठा उमटवायची, आणि शाईचा पॅड मीच पुढं धरायचो. चौथी शिकलेली बाई अंगठा का करते, हे मी कधी विचारलं नाही. गावातल्या हजार पोरांना मी लिहायला शिकवलं. माझ्याच घरात एकजण पेन मागायला चाळीस किलोमीटर लांब जात होती.

आणि मी तिला एकोणीस गुण दिले.

अठ्ठावीस वेळा मी तिचं वाक्य खोडलं. ती समोर असती तर म्हणाली असती, "ऱ्हाऊ द्या, तुमचं बरोबर असंल." तेच वाक्य माझ्या कानात महिनाभर वाजतंय.

वही मला परत पाठव. आणि एक सांग. ती चार क्रियापदंच का? "चुकली तर क्षमा कर" हे ती कोणाला म्हणणार होती? तेव्हाच्या इवल्याशा नातीला तर नव्हे. मला समजत नाही. मला म्हणणार होती का?

मोहन


बारामती
१४ नोव्हेंबर २०२५

मोहन,

वही धाडली. अनिसानं तिला खाकी कव्हर घातलंय.

तुला न्हाय. नातीला बी न्हाय. नातीसाठी भाषा लागतच न्हाय म्हणायची, फोनवर पापे घेतले की झालं.

पहिल्या गुरुवारी तिनं मला सांगितलं, ते ऐक. "खाजाभावजी, आमच्या लेकीची पाठवणी झाली न्हाय. मांडव न्हाय, विहीण न्हाय. लेक तशीच गेली, जशी एसटीत चढून माणूस जातं. मला तिच्या सासूशी बोलायचं हाय. लेक तिच्या ओटीत घालायची हाय." मी म्हणालो, प्रगती सांगंल की तिच्या सासूला, तिला येती ती भाषा. तशी माझ्यावर डाफरली. "नवरी सोताच्या तोंडानं सांगती व्हय, मला ओटीत घ्या म्हणून? ते आईनं बोलायचं असतं."

आपल्याकडं मांडवात आई काय म्हणती? आजवर वाट बघत वाढवली, आता लेक तुमच्या ओटीत घातली, चुकली तर पोटात घाला. तेवढंच तिला पाहिजे हुतं. त्यातनं ती चार क्रियापदं आली. पुस्तकभर भाषा तिला नकोच हुती. आन् ते 'तू' तिनं हट्टानं ठेवलं. मी दहादा सांगितलं, आदरानं बोलायचं. ती म्हणाली, "एकाच लेकीच्या दोन आया. एकमेकींना तुमी कशाला म्हणतील?"

विहिणीचं नाव तेरेझा. विधवा हाय, खेड्यातली, गाई पाळती. तीन वरसं घोकल्यावर एका गुरुवारी आमच्या ओट्यावरनं फोन लावला. प्रगतीला काही सांगितलं न्हाय, थेट तेरेझाबाईला. फुलावैनीनं डोक्यावर पदर घेतला, फोनला नमस्कार केला आन् पाठ केलेलं म्हणाली. एकदा बी चुकली न्हाय, मोहन. लाश्शो मिया फील्या आ ते. से झ्बाल्या, पेर्दोना. माझी लेक तुझ्या ओटीत घातली. चुकली तर क्षमा कर.

अनिसा शेजारी कान लावून हुती. मग म्हातारी बोलली. खूप बोलली. फुलावैनी माझ्याकडं बघायला लागली, "काय म्हणती? भावजी, काय म्हणती?"

आता माझं पाप ऐक. फुलावैनीचं तिच्या ओठांवरनं कळत हुतं, फोनमधलं मला ऐकूच आलं न्हाय. डावा कान त्या दिवशी बंद. ती जीव डोळ्यांत आणून बघत हुती आन् मी सांगून टाकलं, "व्हय म्हणाल्या. आनंदानं व्हय म्हणाल्या." फुलावैनी फोनमधी हसून मोठ्यानं म्हणाली, "व्हय व्हय!" मग म्हातारीनं गाईंचं काहीतरी विचारलं असणार, कारण तिकडनं हंबरल्याचा आवाज अनिसानं ऐकला. फुलावैनी बी हंबरली. दोघी हसल्या. फोन ठेवला.

ती म्हातारी खरं काय म्हणाली, मला आजवर ठाऊक न्हाय. मानली का न्हाय मानली, का रागावली, काही ठाऊक न्हाय. पुढच्या वरसी फुलावैनी गेली. तिला खोटं सांगून धाडली, हे माझ्या छातीवर बसलंय. प्रगतीला विचारायचा धीर झाला न्हाय, कारण तिला यातलं काहीच सांगायचं न्हाय असा शब्द हुता.

पोरं सात तारखेला येतायत.

खाजा


निमगाव केतकी
२८ नोव्हेंबर २०२५

प्रिय खाजा,

सात-आठ वेळा वाचलं तुझं पत्र. प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी थांबतो. "ते आईनं बोलायचं असतं."

पाठवणीच्या कविता मी पस्तीस वर्षं वर्गात शिकवल्या. शिकवताना आवाज कापायचा माझा, मुली डोळे पुसायच्या. लोक म्हणायचे, कविता शिकवावी तर मोहनराव मास्तरांनी. आणि माझ्या घरात पाठवणी राहून गेली, ती पुरी करायला बायकोनं परक्या भाषेची क्रियापदं घोकली, आणि मी रोज सकाळी तिला सांगायचो, "चहात साखर जास्त झाली."

वही उघडून बसतो. लाल शाई जात नाही. ब्लेडनं खरवडून बघितलं, कागद फाटायला लागला, म्हणून सोडलं. आता तिच्या अक्षराखाली पेन्सिलनं गिरवतो. माझंही अक्षर तिच्यासारखं वाकडं येतं, परक्या शब्दांत माझाही हात जड होतो.

तुझ्या खोट्याबद्दल तुला मी काय सांगू? मी असतो तर मीही तेच सांगितलं असतं. पण त्या बाई काय म्हणाल्या हे मलाही कळायला हवं. झोप लागत नाही त्या विचारानं. नऊ वर्षं माझी मुलगी त्यांच्या घरात राहतेय, आणि ती तिथं मानानं राहतेय की नुसती राहतेय, हे तिच्या बापाला माहीत नाही. तिला विचारायचा हक्क मी घालवून बसलो.

म्हणून ठरवलं आहे. नातीच्या आडून बोलायचं नाही. गुरुवारी, अकरा तारखेला, सकाळच्या एसटीनं बारामतीला येतो. तुझ्या ओट्यावर, तिच्यासमोर उभा राहून मराठीत सांगीन, की मी चुकलो, घरी चल. तिनं नाही म्हटलं तर त्याच एसटीनं परत. तू मध्ये पडू नकोस. अनिसावहिनींनाही सांग.

तोवर तिला काही बोलू नकोस.

तुझा,
मोहन


निमगाव केतकी
बुधवार, १० डिसेंबर २०२५, दुपारी

खाजा,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. आपल्या गावचा रिक्षावाला गोकुळ घेऊन येतोय. तो तुझ्या दारात येईल त्याच रिक्षात, असतील तशा कपड्यांत, प्रगतीला इकडं पाठव. लुचियाला पाठव. जावयांना पाठव. तू आणि अनिसावहिनी मागून या, पण याच. तिला सांग, आबा म्हणाले, आत्ता ये. उद्याची एसटी मी धरणार नाही. कारण ऐक, आणि ऐकून माझ्याशी पुन्हा लपवालपवी करणार नाहीस अशी शपथ घे. सात तारखेला उतरलेल्या माणसांत आणखी एकजण आहे, हे तू मला कळवलं नाहीस!

बारा वाजत आले होते. उद्यासाठी सदरा इस्त्री करत होतो आणि तोंडानं वाक्य जुळवत होतो. मराठीच वाक्य, तरी सारखं मोडत होतं. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. गोकुळची हाक आली, "मास्तर! पाव्हणं आणलंय. बारामतीपास्नं हितवर एक शब्द बोलल्या न्हाईत, नुसतं बाहेर बघत हुत्या. भाडं बी आधीच खाजाचाचांच्या घरनं मिळालंय."

मला वाटलं, शाळेतल्या कोणी जुन्या बाई असतील. इस्त्री तशीच ठेवून बाहेर आलो. सदऱ्यावर डाग पडला, तो नंतर दिसला.

काठी टेकत एक म्हातारी अंगणातून येत होती. गोरी, बुटकी, पायांत जाड बूट, अंगात विटलेला निळा कोट, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेला. वय माझ्याएवढं, दोन वर्षं जास्तच. उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. आत पाऊल टाकलं नाही. मी "या" म्हणालो. हलली नाही. मग मी इतके महिने घोकलेलं आठवायला लागलो. खाजा, एक रूप आठवेना. सहा पुरुष, सगळे काळ, सगळे अर्थ, एकजात पळाले.

तिची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. भिंतीवर फुलाचा फोटो आहे. ती त्या फोटोकडं बघत राहिली, आणि मला तेव्हा कळलं ही कोण. तेरेझाबाई! विहीण माझ्या दारात, आणि घरात तिचे पाय धुवायला बाई नाही, पाटावर बसवायला कोणी नाही.

तिनं काठी दाराच्या चौकटीला टेकून ठेवली. डोक्याचा रुमाल सोडला. पांढरे केस वाऱ्यावर उडाले. रुमालाची दोन टोकं दोन्ही हातांत धरून तिनं तो पोटापुढं पसरला, मांडवात विहीण ओटी पसरते तसा. माझ्याकडं बघितलंच नाही, फोटोतल्या फुलाकडं बघत तिनं दोन शब्द काढले. एवढ्या लांबून, एवढ्या वर्षांनी, दुसरा तर फुलानंच फोनवर म्हटलेला.

"फुलाबाई, व्हय."

ती अजून तशीच उभी आहे, खाजा. बसा म्हटलं तरी बसत नाही. रिकामा रुमाल धरून माझ्या दारात उभी आहे.